सातवा प्रश्न

एकोणचाळीसच. तक्त्यात छापलंय ते बरोबर आहे. त्या प्रशिक्षणाच्या फोटोत चाळीस डोकी आहेत म्हणतेस — असतील, फोटोत काय, चहावालासुद्धा येऊन उभा राहतो. संस्थेची पन्नास वर्षं, स्मरणिका काढताय, माझ्यावर चार पानं — तर चार पानं लिही ना, माणसं कसली मोजत बसलीस? दोन वर्षं तुला शिकवलं ते यासाठी? बरं, बस. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो.

कारकीर्द हवी ना तुला, घे. तीस वर्षं मी प्रशिक्षणं घेतली आणि त्यांचं मूल्यमापनही मीच केलं. म्हणजे स्वयंपाक माझा आणि छान झालाय म्हणणाराही मीच. सकाळी नर्सबायांना दहा प्रश्नांचा कागद द्यायचा, दिवसभर पडद्यावर चित्रं दाखवायची, निम्म्या पेंगतात, संध्याकाळी तोच कागद परत — तोच हं, स्वल्पविरामासकट — आणि मार्क वाढले की झालं, ज्ञान वाढलं. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म, एक हसरा चेहरा, एक रडका. बस सुटायची वेळ झालेली, रडक्यावर खूण करून कारणं लिहीत कोण बसणार? सगळे हसरे. वरून तपासायला पाहुणे यायचे, जेवून जायचे, तेही हसरे. एकाही शहाण्यानं कधी विचारलं नाही, की बाबा, या बाया दवाखान्यात परत गेल्यावर करतात काय? मी तरी कशाला विचारू? आलेख वर चढत होता.

आणि सातव्या प्रश्नाचा आलेख तर तू पाठच केला असशील, परीक्षेला यायचा. जी लस गोठता कामा नये ती फ्रीजच्या कुठल्या कप्प्यात ठेवावी? सकाळी फक्त दोघींचं बरोबर, संध्याकाळी एकूणएक सगळ्यांचं. अशी उडी तेव्हा कुणाच्याच आकड्यात नव्हती. त्या उडीवर मला खुर्ची मिळाली, विमानाची तिकिटं मिळाली, तू बसलीयस ते घर मिळालं.

मग चाळिसावी कोण? होती एक. उंच, चष्म्याला दोरी बांधलेली, आम्ही तिला उंट म्हणायचो. सकाळी तिनं लिहिलं खालचा कप्पा, संध्याकाळीही खालचाच. आणि समासात आणखी शहाणपणा — वरचा कप्पा बर्फाला लागून असतो, तिथं ही लस गोठते, हलवून ठेवली की साका बसतो, मग टोचून उपयोग नाही, मी पाहिलंय. दिवसभर मी घसा फोडून ‘वरचा, वरचा’ सांगतोय आणि ही बया — अशी बघू नकोस माझ्याकडे. हो, चित्र माझं होतं. दोन लसींचे बाण इकडचे तिकडे झाले आणि मी उत्तरं चित्रावरून टाईप केली. दवाखान्यातला फ्रीज मी तोवर उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. डॉक्टरेट होती ना माझ्याकडे. म्हणजे सकाळी उंट धरून अडतीस जणींना बरोबर माहीत होतं, आणि मी संध्याकाळपर्यंत ते पुसलं. एकटीचं पुसता आलं नाही, म्हणून तिचा कागद ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला काढला. तुला चाळायला दिलेल्या या जुन्या कागदांच्या खोक्यात तो कसा राहिला कोण जाणे — नाही, मीच ठेवला. फाडता आला असता.

कधी कळलं? त्याच आठवड्यात. दुरुस्त केलं की प्रशिक्षण पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत — दोन वर्षांनी, गुपचूप. जुनी पुस्तिका परत मागवायची म्हणजे तो आकडाही परत मागवायचा, आणि तोवर तो चार ठिकाणी छापून आलेला.

मधल्या काळात मला नात झाली. मुलगी म्हणाली, बाबा, तुमच्या ओळखीचा दवाखाना आहे ना कोपऱ्यावर, लस देऊन आणा. गेलो. नर्स माझ्याच प्रशिक्षणातली, मला बघून उठून उभी राहिली. मी सहज विचारलं, कुठल्या कप्प्यातली? वरच्या, सर, तुम्ही सांगितलंत तशी. बाहेर बाकावर अकरा बाया, मांडीवर पोरं. मी नातीला उचललं, हिला कणकण वाटतेय म्हणालो आणि बाहेर पडलो — आणि थेट उंटाच्या गावची बस धरली. तीन तास. पोर सगळा वेळ रडत होती.

तिनं मला ओळखलं. खालच्या कप्प्यातली बाटली काढली, टोचलं, कापूस दाबून धरला. मग म्हणाली, “सर, बाकीच्यांना कुठं पाठवलंत?”

मी? मी नातीचं टोपडं बांधत बसलो. त्याची गाठ काही केल्या बसेना.

तो कागद इकडे दे. नको — राहू दे तुझ्याकडेच. आणि तक्त्यात चाळीस लिही. ऊठ आता, माझी औषधाची वेळ झाली. दार जोरात ओढ जाताना, नाहीतर ते लागत नाही.