मधेच थांबलेले ड्रम

दातांच्या दवाखान्यात ड्रमवाली सुजलेला गाल धरून बसली होती. तिचा पंक बँड मोडून वीस वर्षं झाली होती. शेजारी एक इलेक्ट्रिशियन आणि त्याचा मेव्हणा त्याच बँडवरून वाद घालत होते, पण त्यांनी तिला ओळखणं शक्यच नव्हतं.

“दाजी, त्यांचं सगळ्यात भिकार गाणं म्हणजे ‘भाड्याची खोली’.”

“अरे, तेच तर सगळ्यात भारी! मधेच ड्रम थांबतात, तिथं अंगावर काटा येतो.”

“काटा कसला? काठी निसटली असणार तिच्या हातातून.”

“मुद्दाम थांबलीय ती. ओळ काय? ‘आता दार कोण वाजवणार?’ आणि तिथंच ठोके बंद!”

“तुम्ही काहीही डोक्यावर घेता.”

“तुझी ताई घर सोडून गेली होती ना, तेव्हा तेवढीच जागा पुन्हा पुन्हा ऐकायचो. पुढं ड्रम परत सुरू होतात, त्यासाठी.”

मेव्हणा ड्रमवालीकडे वळला.

“काकू, तुम्हीच सांगा. वाजवणारी अशी मधेच थांबली, तर ती चूकच ना?”

काठी निसटलीच होती. त्याच चुकीवरून भांडणं होऊन बँड मोडला होता.

ड्रमवालीनं गालावरचा हात काढला.

“मुद्दामच थांबली असणार. चुकून इतकं बरोबर कोण थांबतं?”