मास्तरांचा झिंगा

बासष्ट साल होतं. उमरग्याच्या स्टँडवर नर्स लीला लोहाऱ्याच्या गाडीची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर शाळामास्तर विष्णुपंत पत्र्याचा डबा सांभाळत बसले होते. त्यांच्या पलीकडच्या शेतकरीण धुरपदाबाईंना काही राहवेना.

"मास्तर, डब्यात राकेल हाय का?"

"समुद्राचं पाणी आहे. रत्नागिरीहून मेहुण्यानं पाठवलं. घरी काचेच्या पेटीत झिंगा पाळलाय, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा."

"आन् खायचा कवा?"

"खायचा नाही हो, बघायचा! आमच्या हिचं माहेर समुद्रकाठचं, तेवढाच तिला विरंगुळा."

"इथल्या पाण्यात मीठ टाकायचं की मग."

"नुसत्या मिठानं जगत नाही तो. मागल्या महिन्यात तळाशी उताणा पडलेला दिसला. हिला कळू नये म्हणून गुपचूप परसात पुरला."

"अगं बाई! मंग ह्यो दुसरा आणला व्हय?"

"दुसरा कसला! तिसऱ्या दिवशी तोच दगडाआडून बाहेर आला. मी पुरली ती त्याची कात होती. नवी साल कडक होईतो तो लपून बसतो."

लोहाऱ्याची गाडी लागली. लीला पिशवी उचलून तिथंच उभी राहिली.

"बाईंना सांगितलं का न्हाय?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"सांगितलं. तर म्हणते, तुम्हाला परसात पुरताना मी पाहिलं, अन् मला पहिल्याच दिवशी तो दगडाआड दिसलाही होता."

"मंग बोलल्या का न्हाईत?"

"म्हणाली, दोन दिवस तुम्ही स्वतः चहा करून माझ्याजवळ बसत होता. म्हटलं, असू दे."