नाकामागची पिशवी

नाही, मला एवढंच सांगा, आपल्याच डोक्यात एखादी वस्तू ठाण मांडून बसलेली असते आणि पन्नाशी उलटेपर्यंत ती आपल्याला पत्ता लागू देत नाही, ह्याला काय म्हणायचं? नाकाच्या मागून, घशाच्या वरच्या अंगाने, काहीतरी थेंब थेंब उतरायचं, मी खाकरायचो, पुन्हा उतरायचं, मी पुन्हा खाकरायचो. डोकं मागच्या बाजूने, मानेच्या जरा वर, ठणकत राहायचं. उजव्या कानाला दडा. बस्स, एवढंच. बाकी मला काही होत नव्हतं.

आता माझा धंदा चष्म्याचा. दुकानाच्या मागे एक अंधारी खोली आहे, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर खुर्ची, खुर्चीत गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाच्या नाकासमोर मी. एकेक भिंग बदलायचं आणि विचारायचं, 'हे स्पष्ट की हे? पहिलं की दुसरं?' वर्षानुवर्षं लोक विचार करून उत्तर द्यायचे, 'पुन्हा दाखवा बरं पहिलं...' म्हणायचे. आणि अलीकडे बघतो तर सगळे पटापट. 'पहिलं.' म्हटलं, नक्की? 'नक्की, नक्की, झालं का?' आणि दाराबाहेर जाऊन हा एवढा मोठा श्वास घ्यायचे. मला वाटलं, खोलीत हवा खेळत नाही. म्हणून पंखा बसवला. कुठे बसवला? माझ्या पाठीमागे. म्हणजे जो काही वास होता तो आता नेम धरून गिऱ्हाइकाच्या तोंडावर.

पण मला सांगणार कोण? सांगितलं ते एका निवृत्त हेडबाईंनी. मी विचारलं, 'बाई, पहिलं की दुसरं?' बाई म्हणाल्या, 'दोन्ही सारखीच दिसतायत. तुमच्या तोंडाला वास येतो. डॉक्टरकडे जा.' अगदी वहीवर शेरा मारावा त्या सुरात. घरी येऊन बायकोला विचारलं, अगं, खरंच येतो? तर म्हणते, 'मी कधीपासून सांगतेय.' कधी सांगितलंस? 'तोंडाने नाही सांगितलं, पण पलीकडे तोंड करून झोपते ना मी, माणसाला कळायला नको?'

दाताच्या डॉक्टरने दात घासून पांढरेशुभ्र केले आणि म्हणाला, 'दात उत्तम आहेत, वास वरून येतोय.' वरून म्हणजे कुठून? माझ्या वर कोण राहतं? मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई. ह्या बाई कमी बोलणाऱ्या. बोटाने मान दाबून बघितली, कानात बघितलं, डोकं नेमकं कुठे दुखतं ते विचारलं आणि म्हणाल्या, 'आधी एमआरआय करू.' मी म्हटलं, मॅडम, बाकी मला काही होत नाही. म्हणाल्या, 'म्हणूनच करू.' ह्याचा अर्थ काय लावायचा, सांगा?

एमआरआयला बरोबर माझा मेहुणा. मोबाइलवर वाचून सगळे रोग तोंडपाठ झालेला माणूस. तिथला मशीनवाला पहिल्यांदा माझ्याशी कसा बोलला, ऐका. 'घड्याळ काढा, पट्टा काढा, हलायचं नाही, हललात तर पुन्हा पहिल्यापासून.' मी आत. डोक्याभोवती ठाक ठाक ठाक ठाक, जणू भिंत फोडतायत आणि भिंत मीच आहे. बाहेर आलो तर तोच माणूस, तोच आवाज, पण... 'सावकाश उतरा काका. हात देऊ का? पाणी हवंय?'

आता तुम्हीच सांगा. ह्या माणसाला आत्ताच्या आत्ता माया का फुटली? मी विचारलं, काय दिसलं? 'मॅडम सांगतील काका.' आणि मॅडम कुठे? परगावी, डॉक्टरांच्या परिषदेला. सोमवारी येणार. मी पट्टा बांधेपर्यंत मेहुणा आत जाऊन त्याच्याशी कुजबुजून आला. 'काही नाही दाजी, नाकाच्या मागे जरासं काहीतरी दिसतंय.' आणि घरी पोचेपर्यंत मान खाली घालून मोबाइल वाचत बसला. मधेच माझ्याकडे बघायचा, पुन्हा वाचायचा. अहो, मी काय परीक्षेचा धडा आहे?

आणि घर बदललं. बायको ओरडेना. मी ओला टॉवेल पलंगावर टाकला, तिने उचलून वाळत घातला, एक अक्षर बोलली नाही. मी मुद्दाम दुसरा टाकला. तोही वाळत घातला. रविवारी दुपारी जरा आडवा झालो, तर शेजारी येऊन पडली आणि माझ्याकडे तोंड करून पडली. वास होताच की. तरी डोळे मिटून, तशीच. खरं सांगतो, मशीनमध्ये नाही घाबरलो तेवढा तेव्हा घाबरलो. बाकी मला काही होत नव्हतं.

त्यात मुलगी. माझ्या मुलीला लांबच्या गावी नोकरी लागली होती. पूल बांधणारी कंपनी, तिच्या मनासारखं काम, दोन वर्षं त्याच्यामागे होती. पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं, बॅगसुद्धा आणून ठेवलेली. त्या संध्याकाळी मी पाणी प्यायला उठलो, तर गॅलरीतून हळू आवाज, 'हो सर... घरची अडचण आहे सर... नाही, नाही जमणार मला यायला.' मी तिथेच, पेला हातात. ती आत आली, मला बघून दचकली. म्हटलं, कुणाचा फोन? 'मैत्रिणीचा.' मैत्रिणीला सर म्हणतेस? मग म्हणाली, 'बाबा, तू ह्यात पडू नकोस.' अगं, माझ्या नाकापायी तू नोकरी सोडतेस आणि मी पडू नको? 'सोमवारी काय ते कळू दे, मग बोलू.' आणि एवढी मोठी घोडी झालेली मुलगी, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. मी श्वास धरून ठेवला. तिच्यावर जायला नको म्हणून.

सोमवार. डॉक्टरीणबाईंची खोली, मी खुर्चीत. इतकी वर्षं लोकांना खुर्चीत बसवलं, पण बसणाऱ्याला ती खुर्ची एवढी उंच वाटते हे ठाऊक नव्हतं. नाकात औषधाचा फवारा, मग बारीकशी दुर्बीण आत. समोर पडदा. बायको माझा दंड धरून, मेहुणा मागे, मुलगी दाराला टेकून, आणि माझ्याकडे कोणीच बघत नाही, सगळे पडद्याकडे, माझ्या नाकाच्या आत. 'ई म्हणा.' ईईई. 'गिळा.' गिळलं. मग बाई थांबल्या. दुर्बीण थांबली. बायकोची नखं माझ्या दंडात रुतली, मी ओरडणार तरी कसा?

'ही बघा,' बाई म्हणाल्या. अगदी मधोमध, गुळगुळीत, पिवळट, फुगलेलं काहीतरी. 'सिस्ट आहे. द्रवाने भरलेली पिशवी. बहुतेक जन्मापासूनची असते, पुढे कधीतरी भरते, गळते. वास, डोकेदुखी, कानाचा दडा, सगळं हिचंच असणार. दिसतेय तरी साधी.'

मेहुणा म्हणाला, 'दिसतेय म्हणजे? नक्की साधी?'

'नाकातूनच जाऊन उघडू, निचरा करू, तुकडा तपासायला पाठवू. तो आला की नक्की म्हणेन.'

मी दुर्बिणीसकट मुलीकडे वळलो, म्हटलं, 'आट्टा फोड कर ट्या सराडा.' बाई म्हणाल्या, 'बोलू नका.' मुलगी म्हणाली, 'तुकड्याचं कळू दे.' बघा, नाकात दुर्बीण असताना बापाला घरात किती किंमत असते.

ऑपरेशन झालं. मला काय, झोपलो आणि उठलो, नाकात बोळे आणि घसा कोरडाठाक. खरं ऑपरेशन त्याच्यानंतरचं, तुकड्याची वाट बघण्याचं. फोन वाजला की तिघंही उठायचो. एकदा तर पडदेवाल्याचा फोन होता, 'मॅडम, रंग कुठला पक्का करू?' बायको म्हणाली, 'साधा.' आणि रडायलाच लागली. त्या बिचाऱ्याला काही कळेना, 'मॅडम, गडद करू का मग?'

शेवटी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. उचलला बायकोने. 'हं... हं... बरं... हं.' आता तिचं हं म्हणजे, लग्नाच्या बातमीलाही तेच आणि मयताच्या बातमीलाही तेच. मी भिंतीला धरून उभा. मुलीने माझा हात धरलेला, की मी तिचा, कोण जाणे. बायकोने फोन खाली ठेवला, तिथेच ओट्याखाली फरशीवर बसली आणि म्हणाली, 'साधीच आहे.' मग डोळे पुसून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'तो टॉवेल उचला पलंगावरचा.' इतका बरा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता.

मी मुलीला म्हटलं, लाव फोन. माझ्यासमोर लावला तिने. 'सर, ती जागा...' भरली नव्हती अजून, पण म्हणाले, लगेच ये. आणि गेली. बॅग मीच खाली नेली, डॉक्टरांनी ओझं उचलू नका सांगितलेलं असताना नेली, आणि जिन्यात बायकोच्या शिव्या खाल्ल्या.

मग रोज फोन. 'बाबाला दे. बाबा, डोकं दुखतं का? थेंब उतरतो का? वास बघितला का आईने?' मी बारीकसारीक सगळं सांगायचो. कान सुटला, सांगितलं. हेडबाई चष्मा न्यायला आल्या, सावकाश बसून पहिलं-दुसरं करून गेल्या, तेही सांगितलं. तिकडे पुलावर वारा सुटलेला, पण पोरगी ऐकत बसायची.

मागच्या आठवड्यात शेवटची तपासणी झाली. बाई म्हणाल्या, 'सगळं स्वच्छ, आता येऊ नका.' बायकोने ते मुलीला कळवलं. काल फोन आला, बायकोने स्पीकरवर लावला. 'आई, बाबा ठीक आहे ना आता?' 'ठणठणीत.' 'मग राहू दे, नको बोलावूस त्याला, मला कामावर जायचंय.'

मी समोरच बसलो होतो, फोन घ्यायला हात पुढे करून. घेतला मागे. काय करता... बरा झालोय ना मी.