फाटकाबाहेरचं काम

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत परदेशी निघालेल्या महिला पोलीस भगिनी आणि त्यांच्या घरची मंडळी, सर्वांना नमस्कार.

मी औषधांच्या दुकानात बसणारा माणूस. आमच्या घरात बोलायचं काम हिचं. गेल्या वर्षी ही याच पथकाची प्रमुख म्हणून गेली आणि परत आली नाही. आज तिचा सन्मान केलात, मी आभारी आहे.

तिथल्या गावात बैठक घेतली की पुरुष सांगायचे, सगळं ठीक आहे. बायका गप्प. मग ही सरपणाला निघालेल्या बायकांबरोबर चालू लागली. एका आजीने दुभाषी मुलीमार्फत विचारलं, "तू इथे, मग नवऱ्याला रांधून कोण घालतं?"

ही म्हणाली, "तोच रांधतो. म्हणून तर इतक्या लांब पळून आले!"

हसा, हसा. माझ्या हातची भाजी खाल्लेले इथे दोघे-तिघे आहेत. ती आजीही हसत खाली बसली, आणि बसल्या बसल्या तिने सांगितलं, बंदूकवाले बायकांना कोणत्या वळणावर अडवतात ते. दुसऱ्या दिवसापासून गस्त सरपणाच्या वेळेला निघू लागली. बायकांना अडवायची मग कुणाची छाती झाली नाही.

पुढे त्याच वाटेवर हिची गाडी सुरुंगावर गेली.

मघाशी अध्यक्ष महोदयांनी जाहीर केलं, की तिच्या स्मरणार्थ यापुढे महिला पथक छावणीच्या आतच काम करील. टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. हेतू चांगला आहे, साहेब. पण सुरुंगाने पुरुषांच्याही गाड्या उडाल्या, त्यांना कुणी आत बसवलं का? आणि ती आजी आता कुणाला सांगणार?

नव्या पथकप्रमुख हिच्या हाताखाली शिकलेल्या. त्या टाळ्या चालू असतानाच मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तिथे जाऊन फाटकाच्या आतच बसायचं, तर आपलं ठाणं काय वाईट होतं?" माझ्या सासूबाई शेजारीच होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या लेकीच्या नावाने दुसऱ्यांच्या लेकींना कोंडू नका म्हणावं."

तेच सांगायला उभा राहिलो. हा हुकूम मागे घ्या.

शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. सवय नसल्याने शब्द कमी-जास्त झाला असेल तर सांभाळून घ्या. अध्यक्ष महोदय, तुमचं समारोपाचं भाषण अजून व्हायचं आहे. ते ऐकायला आम्ही सगळे बसलो आहोत.