शाळूच्या पिठाचा घोळ

—कुनालाच पटंना, नानासो! सोयरीक तुमी जमवली, मोडल्याचा सांगावाबी तुमीच आणला, आन् आता तुमीबी माज्याकडंच बघताय? बसा. च्या प्या. म्हसवडच्या पाव्हन्यांना मी मुद्दाम हायब्रीडची भाकरी वाढली म्हंत्यात — मी? पोटच्या पोरीचं, माज्या अंबूचं लगीन मी मोडंन?

आवं, ह्यो शब्द गावात आला कसा, ठावं हाय का? दुष्काळ सरला आन् शेतकीचा सायब जीपमधनं जोंधळ्याचं बी घेऊन आला. म्हनला, बाई, इंग्रजी शब्द हाय, हायब्रीड म्हंजी दोन जातींचं लगीन लावून काडल्यालं बी. म्हनलं, भटजी कोन हुता? हसला, सांगितलं न्हाई. कणीस आलं हे एवढं — आन् भाकरी? गार झाली की चामडं. कडबा म्हशीनं हुंगून सोडला. तवापासनं घराघरात रीत, हायब्रीड इकायची, पाव्हन्याला आपला गावरान जोंधळा, शाळू. शब्द मातर गावानं ठेवून घेतला. पांढरी कोंबडी हायब्रीड, नायलॉनचं लुगडं हायब्रीड, एका सरीत पडसं धरनारं तरनं पोर हायब्रीड. मी समद्यांनाच म्हंते, कुनाला सोडलं न्हाई. नवऱ्या मुलाला? छ्या, त्येला न्हाई म्हनले! …म्हनले आसंन. चुलीपाशी. हळूच. उंच हाय वो, पर दंड बघितलं का, भेंडीगत!

तर पीठ. शाळू मी निवडला, पाटीत भरला — गिरणीला मी गेले का? थापतानाच भाकरी कडंनं चिरली, तवाच वळखलं — व्हय, वळखलं हुतं! पर पाव्हनं पाटावर बसल्यालं, घरात दुसरं पीठ न्हाई, मग काय माती वाढू? पोराच्या चुलत्यानं तुकडा मोडला, नाकाशी नेला, आन् उठलाच की हात धुवायला.

आज झाडताना माजा निवडल्याला शाळू घावला, बाजंखाली, पोत्यानं झाकल्याला. गिरणीला आमचं मालक गेल्यालं. ह्येंच्या हायब्रीडला पंचायत समितीत पयला नंबर आला, फेटा मिळाला, तवापासनं डोस्कं ठिकानावर न्हाई — पाव्हन्यांनी आपलंच पीक खावं, वा वा करावं! इचारलं तर गोठ्यात जाऊन बसलंय.

उठा, नानासो, यष्टी गाठा. म्हसवडला सांगा, पोरगी शाळू हाय, तिला बोल लावू नगा. मग कुनाला लावायचा? लगीन झाल्यापासनं त्येंचं नाव तोंडातनं काडलं न्हाई मी. आज काडते, गोठ्यापतुर ऐकू जाऊ दे — आकाराम!