पन्नासच पानं

...मोजलीत न्हवं, साहेब? पन्नास. बरोबर पन्नास, एक पान जास्त न्हाई. ही रहमतबी अडाणी आसंल, पण रेशनिंगचा कायदा कळतो तिला—लग्नात पन्नासाच्या वर माणूस जेवू घालायचा न्हाई. बसा की बाजंवर, च्या घ्या. गुळाचा हाय. साखर कुठनं आणू? तुमच्या रेशनच्या दुकानात म्हैनाभर साखर न्हाई—न्हाई, न्हाई, तुमास्नी न्हाई बोलत मी.

पण एक सांगा. मागं चावडीवर तुमचं मोठं साहेब आलं, म्हणालं, देशावर कर्ज झालंय, अमेरिकेकडनं गहू उधार आणलाय, तवा समद्यांनी पोटाला चिमटा घ्या. घेतला! आठ म्हैनं एक येळ जेवतीया मी—माझ्या हसीनाच्या निकाहाला चार दाणं साठावं म्हणून. त्यो बाहेरनं आलेला लाल जोंधळा मी खाल्ला, तांदूळ मडक्यात टाकला. साठा? साठा कसला, माझ्या तोंडातला घास त्यो! आन कर्ज काढलं कुणी? मी काढलं? मला कुणी इचारलं व्हतं? काढताना त्यांची सही आन फेडताना माझं पोट—हा कुठला न्याव, साहेब?

आन चिमटा बी आमालाच. चिंचवडला त्या कंत्राटदाराच्या बंगल्यावर लगीन झालं, मी गेलते तांदूळ निवडायला. किती तांदूळ? पोती, साहेब, पोती! मोटारी पार रस्त्यापत्तूर. आन इन्स्पेक्टर? आलता की, मोजून गेला—पन्नासच भरली. कशी म्हणता? बागंत पाच मांडव, पाच यजमान. ह्यो मामाचा, ह्यो चुलत्याचा, ह्यो आनखी कुणाचा, हर मांडवात पन्नास. कायदा बी पाळला आन पाच पंगती बी उठल्या. मी हातातलं सूप खाली ठेवलं आन म्हणलं, रहमतबी, शीक कायतरी.

हसू नका. मोठेपणाची हौस न्हाई मला. हसीनाचा बाप गेला—बटाट्याची गाडी उलटली खेडच्या घाटात—तवा वरीसभर ह्या गावानं माझी चूल इझू दिली न्हाई. रोज एका घरची भाकर, न मागता. आता लेकीच्या लग्नात त्यातलं कुणाला वगळू? पन्नास नावं काढायला बसले आन रडायलाच लागले. म्हणलं, वगळायचंच न्हाई कुणाला, मग सरकार काय करायचं ते करू दे. आन आमच्यात रीतच हाय की, हिंदू पाव्हण्यांचं गोडं, बिनमटणाचं जेवण वेगळ्या चुलीवर, शेजारच्या शालनबाईच्या हातचं. त्या बंगल्यावाल्यानं पाच मांडव घातलं, मी काय, एकच जास्त, सोपानरावांच्या खळ्यावर—

न्हाई... तसं न्हाई, साहेब. कुठला मांडव? खळं रिकामं हाय. च्या निवतोय तुमचा. वही कशाला उघडली परत? अवो, बंगल्यावर न्हाई उघडली कुणी, आन माझ्याच दारात—थांबा, साहेब! थांबा.

बरं. जावा. इथनं चौथं घर सोपानरावांचं, त्याच्या मागंच खळं. पण पंगत बसलीय तिथं, वाढून झालंय. भरल्या पानावरनं उठवायचं आसंल, तर तुमीच उठवा एकेकाला. मी न्हाई येणार संगं.