एका पाण्यातलं धुणं

नवसाबाई : आता ही दुसरी बादली कशाला गं? आन् ह्यो नवा टब? चार माणसांचं धुणं बी नाय आपलं. एका पाण्यात होतंय.

योगिनी : टब मी आणलाय, आई. पावडरचा पुडाही वेगळा आणलाय. ह्यांचे फवारणीचे कपडे यापुढं त्या टबात.

नवसाबाई : दीड महिन्यानं काल सांजच्याला माहेरून आलीस. सासूनं च्या दिला, तो घेतलास, झोपलीस. आन् सकाळी उठून सरळ बादल्या मांडल्यास. सातपूरला तुझ्या आईनं हेच शिकिवलं का?

योगिनी : आईकडं मशीन आहे. ती पावडरचं भरलेलं झाकण ओतत होती, तर माझाच हात पुढं गेला. अर्धी परत पुड्यात टाकायला. आई बघतच राहिली माझ्याकडं.

नवसाबाई : बघू दे. तीस वर्सं ह्या दगडावर धुतीया मी. पयला घाणा पांढऱ्याचा, दुसरा लुगड्यांचा, तिसरा मळ्यातल्या कापडांचा, त्याच पाण्यात. उरल्या फेसात मोरी. साबणाच्या चिपा जुन्या मोज्यात बांधायच्या, त्याच्यावर आणखी आठ दिस. तुझे सासरे म्हनायचे, ही बया पाणी सुदीक पिळून वाळत घालंल.

योगिनी : एरवी मी हसले असते.

नवसाबाई : मंग हास की. कवाधरनं तुझ्या तोंडाकडं बघतीया.

योगिनी : चार वाजता राज येतोय, गाडी घेऊन.

नवसाबाई : तुझा भाऊ? काल तर सोडून गेला. आज कशाला?

योगिनी : मी बोलावलंय. या घरात धुणं वेगळं होणार असेल, तर त्याला चहा देऊन परत पाठवीन. नाहीतर त्याच्याबरोबर जाईन.

नवसाबाई : बादलीवरनं घर सोडतीस? मखमलाबादला कुनाला सांगितलं तर हसतील गं लोक. नवरा दारू पितो, सासू मारती, अशानं सोडत्यात बाया. बादलीवरनं कुनी सोडलेलं माझ्या ऐकण्यात नाय.

योगिनी : बादलीवरून नाही, आई. बाळावरून.

नवसाबाई : ...डॉक्टरीणबाईनं माझ्या म्होरं सांगितलं व्हतं. पाचव्या म्हयन्यात जातं असं पोटातलं एखादीचं. कारण सांगता येत नाय म्हनली.

योगिनी : तेच म्हणाल्या. पण तुम्ही गोळ्या आणायला खाली गेलात तेव्हा त्यांनी मला विचारलं, मिस्टर काय करतात? म्हटलं, द्राक्षं. मग विचारलं, छाटणीनंतर फवारणी किती वेळा? म्हटलं, पाऊस-धुकं असलं की एक दिवसाआड, कधी रोज. मग म्हणाल्या, ते कपडे कोण धुतं?

नवसाबाई : मंग?

योगिनी : मी धुते म्हटलं. हातानं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. कागदावर लिहीत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही, पण इथून पुढं ते कपडे वेगळे धुवा, हातमोजे घालून.

नवसाबाई : म्हननार नाय, म्हनल्या ना! मंग झालं की. बायामाणसाच्या नशिबाला...

जीवन : आई, खालच्या प्लॉटला भुरी दिसतीय गं पानांवर. परत फवारा मारावा लागंल. हे सकाळचे कपडे घे, लय भिजलेत.

योगिनी : इकडं द्या. निळ्या टबात टाका. दगडावर नको.

जीवन : वेगळे धुणार? बरं केलंस. औषधाच्या डब्यातनं कागद येतो, त्याच्यावर हायच तसं लिहिलेलं. आईला मागंच वाचून दाखवलं व्हतं मी.

योगिनी : कधी?

जीवन : लय दिवस झाले. आपलं लग्न व्हायच्या आधी. आई म्हनली, वेगळं धुवा म्हनं! पावडर काय औषधवाला पाठवणार हाय का? हसलो तवा आम्ही दोघंबी. आई, आठवतंय ना?

योगिनी : आणि मला नाही वाचून दाखवलं?

जीवन : तुला... मला वाटलं, आई सांगंल. धुण्याचं म्हंजी तुमच्या दोघींचं... योगिनी, अशी काय बघतीस?

नवसाबाई : जा रं तू. ट्रॅक्टर चालू ठेवून आलायस. डिझेल जाळू नको उगा.

योगिनी : गेले. तुम्ही त्यांना पळवलंत.

नवसाबाई : त्याला काय विचारतीस? मला विचार. दाखवला व्हता त्यानं कागद. चित्रं बी व्हती, मोजे घातलेल्या हाताची. मला वाटलं, कागदवाल्याला कागद भरायचा असतो, म्हनून छापत्यात. मी तीस वर्सं धुतलं. मला काय झालं?

योगिनी : मला एक सांगायचंय. मी आईलाही सांगितलं नाही, ह्यांनाही नाही.

नवसाबाई : काय?

योगिनी : त्या आठवड्यात पुडा संपत आला होता. मी तुमच्याकडं आले, तुम्ही मेथीच्या जुड्या बांधत होता. म्हणालात, बुधवारी बाजार आहे, तवर भागव. ह्यांना सकाळी तेच कपडे लागणार होते, म्हणून होती ती चिमूटभर पावडर त्या कपड्यांना घातली. आधी ते धुतले. आणि मग त्याच पाण्यात माझे गाऊन. पहिल्यांदाच उलटं केलं. पाणी निळसर झालं होतं, आई. मला दिसत होतं. तरी मी बुडवले. चार दिवस तेच गाऊन घालून झोपले.

नवसाबाई : अगं, परत यायचंस की माझ्याकडं! दहा रुपयाची पुडी...

योगिनी : लाज वाटली. तुम्ही पहिल्या वेळी असं बघितलं होतंत, जसं मी पावडर खातेच.

(नळाखालची बादली भरून वाहायला लागते. दोघींपैकी कुणीच नळ बंद करत नाही.)

योगिनी : नळ, आई. पाणी चाललंय.

नवसाबाई : जाऊ दे.

योगिनी : तुम्ही म्हणताय, जाऊ दे?

नवसाबाई : जाऊ दे गं. योगिनी, मी बी एक सांगते. मंग जायाचं तर जा. तुला दिवस गेले कळलं ना, तवा मी ट्रंकेतली जुनी सुती लुगडी काढली. तुझ्या आजेसासूची. फाडून सात दुपटी शिवली, आन् लंगोट. तू दुपारची निजायचीस, तवा. तुला दाखवली नाय, आधी दाखवू नाय म्हनत्यात.

योगिनी : मला माहीत नव्हतं.

नवसाबाई : ती मऊ व्हायला चार-पाचदा धुवायला लागत्यात. मी रिठे भिजवले, पितळी घंगाळ काढलं. दर वेळंला नवं पाणी घेतलं. मळ्यातल्या कापडांचा वारा नको लागायला, म्हनून मागं शेवग्याला दोरी बांधून वाळवली. एवढं केलं मी.

योगिनी : म्हणजे तुम्हाला कळत होतं.

नवसाबाई : बाळाच्या अंगाला औषध लागू नाय, एवढं कळत व्हतं. पर बाळ तवा कुठं हाय, कुनाच्या पोटात हाय, कोन त्या बादलीवर वाकलंय... ते माझ्या ध्यानातच आलं नाय गं पोरी.

(योगिनी उठून नळ बंद करते.)

नवसाबाई : बोल की काय तरी. शिव्या दे. तुझी आई हितं असती तर दिल्या असत्या तिनं.

योगिनी : आई तुमच्यावर रागावली नाहीय. ती म्हणते, सुनेनं तोंड उघडायला हवं होतं.

नवसाबाई : सुनेनं! आन् सासूनं डोळं नको उघडायला? दे. त्यो टब इकडं दे. मोजे कुठंयत?

योगिनी : एकच जोड आणलाय. तुमच्या हाताला लहान होईल.

नवसाबाई : होऊ दे. तू सर तिकडं, उन्हात बस. ह्याला हात लावू नको. पावडर किती टाकू?

योगिनी : पूर्ण झाकण.

नवसाबाई : पूर्ण?... बरं. पूर्ण. चारला राज येईल ना?

योगिनी : येईल.

नवसाबाई : जाशील?

योगिनी : माझे गाऊनही धुवायचेत, आई. नव्या पाण्यात. ते वाळल्याशिवाय बॅग भरता येणार नाही.

नवसाबाई : थंडी हाय. जाडं कापड. दोन दिस तरी वाळत नाय.

योगिनी : मग दोन दिवस.